चिमटीचे दोन्ही गुडघे

चिमटीला घरी आणलं तेव्हा ती खरोखरच चिमटीएवढी होती. नानांच्या मुलीने तिला कोटाच्या खिशात घालून आणलं होतं, आणि खिशाबाहेर फक्त दोन कान दिसत होते. त्याला आता सात वर्षं होऊन गेली. आता तिचं वजन चौतीस किलो होतं. हा आकडा नानांना तोंडपाठ होता, कारण गेले दोन महिने त्या वजनातला आपला वाटा ते दिवसातून चार वेळा तीन जिने खाली नेत होते आणि तीन जिने वर आणत होते.

दुसरा वाटा जावयाचा होता. नानांनी जाड कॅनव्हासची झोळी शिवली होती, चार कोपऱ्यांना चार मुठी. चिमटीला त्यात बसवायचं, पुढच्या दोन मुठी एकाने धरायच्या, मागच्या दोन दुसऱ्याने. कुत्र्याचं वजन पुढच्या अंगाला जास्त असतं, हे नानांच्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. आणि जावई पहिल्या दिवसापासून न बोलता पुढची बाजू धरतोय, हेही.

"उचलू?"

"हं."

"वळण आलं."

"टेकवा जरा."

दोघांचं दिवसभराचं बोलणं एवढंच. त्यांच्यात भांडण नव्हतं. भांडण असतं तर बोलायला विषय तरी निघाला असता.

नाना एकतीस वर्षं पंपाच्या कारखान्यात फिटर होते. बायको गेल्यावर ते एकटे पडतील म्हणून मुलगी आणि जावई त्यांच्याकडेच राहायला आले. पाच-सहा वर्षं बरी गेली. मग मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. सहा महिन्यांसाठी, असं म्हणून ती गेली आणि सहा महिन्यांनी तिचा फोन आला, की ती परत येणार नाही. नोकरीमुळे नाही. संसारच पुढे न्यायचा नाही. "कुणाची काही चूक नाही नाना," ती म्हणाली होती. नानांना हे काही पटलं नव्हतं. यंत्र बंद पडलं की त्याला काहीतरी कारण असतं, एवढं ते आयुष्यभर पाहत आले होते. पण इथे काय उघडून बघायचं, तेच कळत नव्हतं.

त्यामुळे झालं असं, की मुलगी गेली आणि जावई राहिला. खालच्या मजल्यावरचा शिंपी एकदा म्हणालाच, "नाना, तुमच्याकडे सगळं उलटंच बुवा. लोक मुलीला माहेरी ठेवून घेतात, तुम्ही जावयाला ठेवून घेतलंत." नाना हसले होते. घरी येऊन मात्र बराच वेळ नळ सोडून हात धूत राहिले.

जावई छापखान्यात मशीनवर होता. सकाळची पाळी. माणूस अबोल, पण नीटस. त्याने स्वतःसाठी एक खोली बघितली होती, दोन बॅगा भरून पलंगाखाली सरकवल्या होत्या. आणि नेमकं त्याच आठवड्यात चिमटी मैदानात चेंडूमागे धावली, मध्येच केकाटली आणि डावा मागचा पाय उचलून तीन पायांवर परत आली.

"हिचा पाय बरा झाला की जातो," जावई म्हणाला.

पाय बरा होईना. गोळ्या झाल्या, आराम झाला, एक्स-रे झाला. डॉक्टरीणबाईंनी गुडघा हातात धरून पुढेमागे सरकवून पाहिला. पण चिमटी मांडी अशी काही आवळून धरायची की कुणाला थांगपत्ता लागू नये. "एक्स-रेमध्ये हाड दिसतं," बाई म्हणाल्या, "गुडघ्यात सूज आहे हेही कळतं. पण आतला लिगामेंट दिसत नाही. तो ताणलाय, अर्धा तुटलाय की पुरता तुटलाय, ते बघायचं तर एमआरआय करावा लागेल."

म्हणून त्या सकाळी दोघांनी पुन्हा झोळी उचलली. चिमटी आदल्या संध्याकाळपासून उपाशी होती आणि तिची नजर सारखी रिकाम्या वाडग्याकडे जात होती. दुसऱ्या मजल्यावर नानांनी झोळी टेकवायला सांगितली. खाली शिंप्याच्या दारापाशी पुन्हा एकदा. छापखान्याची व्हॅन जावयाने मागून आणली होती. मागे कागदाच्या रिकाम्या गठ्ठ्यांवर त्यांनी तिला ठेवलं आणि नाना तिच्याशेजारीच बसले. पुढे बसायला जागा होती. पण पुढे बसलं की काहीतरी बोलावं लागलं असतं.

डॉक्टरीणबाई बसत त्या जनावरांच्या दवाखान्यात एमआरआयसाठी काउंटरवर नवा फॉर्म भरायचा होता. नानांनी चष्मा घरी ठेवला होता, म्हणून पेन जावयाने घेतलं.

"मालक कोण?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

दोघेही एकमेकांकडे बघायचं टाळत राहिले.

"मुलगी," नाना शेवटी म्हणाले.

"त्या आल्यात?"

"नाही. बाहेरगावी असते."

"मग नाव कुणाचं घालू? कुणाचं तरी घालावं लागेल."

"नानांचं घाला," जावई म्हणाला. फोन नंबराच्या रकान्यात मात्र त्याने स्वतःचा लिहिला. नानांचा फोन कुठल्या खोलीत आहे हे खुद्द नानांनाही कधी ठाऊक नसायचं.

एमआरआयचा विभाग तळघरात होता. मशीन चालवणारी बाई पन्नाशीची होती, गळ्यात मफलर, आणि डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं की नानांना तिला बसायला खुर्ची द्यावीशी वाटली. "आजचा हा चौथा," ती म्हणाली, "आणि आमच्या उचलणाऱ्या माणसाची पाठ धरलीय, तो आलाच नाहीये. तुमच्यापैकी एकाला आत यावं लागेल. घड्याळ, किल्ल्या, पट्टा, सगळं इथे काढा. शरीरात कुठे प्लेट, स्क्रू, पेसमेकर?"

"नाही," दोघे म्हणाले.

"धातूचं काम केलंय कधी? डोळ्यात कण-बिण गेलाय?"

नाना घुटमळले. "गेला होता. लेथवर. वीस-बावीस वर्षं झाली. काढला डॉक्टरांनी."

"सगळा काढला?"

"ते म्हणाले काढला. पण त्या दिवशी दोन कण गेले होते की तीन, ते मलाच सांगता येईना."

"मग आजोबा, तुम्ही इथेच थांबायचं," बाई ठामपणे म्हणाली. "आत मोठा चुंबक आहे. मशीन बंद असलं तरी तो चालूच असतो. डोळ्यातला कण जागचा हलला तर नसती आफत."

तेव्हा नाना काचेच्या अलीकडे राहिले आणि जावई आत गेला. चिमटीला भूल दिलेली होती. तिच्या घशात नळी होती, कानात कापसाचे बोळे, जीभ एका बाजूला लोंबलेली. जावयाने आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिला उचलून मशीनच्या फळीवर उताणं ठेवलं, मागचे पाय सरळ केले. माणसाच्या गुडघ्यासाठी असतं तसलंच एक नळकांडं तिच्या डाव्या गुडघ्यावर चढवलं. आजूबाजूला स्पंजचे तुकडे खोचले. सगळं झाल्यावर डॉक्टर बाजूला झाले, पण जावई लगेच हलला नाही. त्याने तिची लोंबलेली जीभ बोटाने अलगद आत सारली. ती पुन्हा बाहेर आली. त्याने पुन्हा सारली. मग मशीनवाल्या बाईने माइकमधून "झालं, या बाहेर" म्हटल्यावर तो आला.

"दोन्ही गुडघे काढणार आहे," बाई म्हणाली. "भूल दिलेलीच आहे, तर चांगला पायही बघून घेऊ. ताडून बघता येतं. दीड तास धरा."

मशीन सुरू झालं. ठोके, घरघर, मग कुणीतरी पत्रा बडवतंय तसा आवाज. नानांना आवाजाचा त्रास झाला नाही, उलट जरा घरी आल्यासारखं वाटलं. ते काचेपाशी स्टुलावर बसले आणि बसल्याबसल्या त्यांच्या पायांतलं सगळं दुखणं एकदम वर आलं. पोटऱ्या, कंबर, खांदे. आपण किती दमलोय हे उभ्या माणसाला कळत नाही, असं त्यांना वाटलं.

मागे पॅसेजमध्ये जावयाचा फोन वाजला. दार पुरतं लागलेलं नव्हतं.

"हो, ऐकतोय... नाही, खोली हवीच आहे मला... हो, मला माहितीये, चौथ्यांदा तारीख मागतोय. तुम्ही थांबलात ते खरंच... आज चारपर्यंत सांगतो. पक्कं सांगतो. दुसऱ्या कुणाला देऊ नका तोवर."

नाना काचेकडे बघत राहिले. चौथ्यांदा. त्यांना वाटलं होतं की खोलीची गोष्ट बारगळली असेल. पलंगाखालच्या बॅगा त्यांना केर काढताना दिसायच्या, पण त्या रिकाम्या झाल्या असतील असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. एखादी हलवून पाहिली असती तर कळलं असतं.

स्कॅन संपल्यावर चिमटीला शुद्धीवर आणायच्या खोलीत नेलं. तिथल्या नर्सने जावयाला तिच्याजवळ बसवलं, जागी होताना ओळखीचं माणूस समोर असलं की कुत्री घाबरत नाहीत म्हणून. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी बोलावलं तेव्हा नाना एकटेच गेले.

पडद्यावर गुडघ्याचे काप होते, करड्या रंगात. बाईंनी एक एक काप पुढे सरकवला.

"हे मांडीचं हाड, हे खालचं. हा मधला काळा पट्टा दिसतोय, तिरका? हा मागचा लिगामेंट. चांगला आहे. असा गच्च काळा दिसायला हवा. आता हा पुढचा बघा."

पुढचा काळा नव्हता. तो करडा, फुगलेला होता आणि मध्ये मध्ये पांढरा पाझर होता. उसवलेल्या दोरासारखा.

"निम्म्याहून जास्त तुटलाय. आणि ही आतली गादी, दोन हाडांमधली. हिच्यात ही पांढरी रेघ. ही चिरलीय. म्हणून दुखतंय तिला एवढं."

"वायसर गेला," नाना म्हणाले.

"तसंच." बाई थकलेलं हसल्या. "आराम करून हे सांधणार नाही. ऑपरेशन करावं लागेल. आपण लिगामेंट शिवत नाही. खालच्या हाडाचा वरचा भाग उताराचा असतो, त्यावरून मांडीचं हाड घसरतं. तो भाग गोल कापून फिरवायचा, उतार सपाट करायचा आणि प्लेट बसवायची. मग घसरायला जागाच राहत नाही."

नाना पडद्याजवळ झुकले. हे त्यांना समजलं, आणि समजलं म्हणून क्षणभर बरंही वाटलं. दोर तुटला तर दोराच्या मागे न लागता बैठकच बदलायची. कुणीतरी डोकं चालवलं होतं.

"मग किती दिवस?"

"दहा-बारा आठवडे. जिने पूर्ण बंद. उचलूनच न्यायचं." बाईंनी दुसरी चित्रं लावली. "आणि हे तुम्हाला सांगायलाच हवं. हा उजवा गुडघा. तुम्ही ज्याला चांगला म्हणता तो. पट्टा अखंड आहे, पण बघा, इथे करडा व्हायला लागलाय. कुत्र्यांत हे एका उडीने होत नाही, आतून हळूहळू झिजत येतं. बऱ्याच जणांत एक गेला की वर्षा-दोन वर्षांत दुसराही जातो."

"म्हणजे हे पुन्हा?"

"कदाचित. टिकेलही. फोटो बघून तारीख सांगता येत नाही."

नाना बसून राहिले. दहा-बारा आठवडे. मग उजवा. मग पुन्हा दहा-बारा. तोवर ते सत्तरीचे झालेले असतील आणि पॅसेजमध्ये कुणीतरी पाचव्यांदा, सहाव्यांदा तारीख मागत असेल.

"बाई," ते म्हणाले, "जावयाला हे मी सांगेन."

"सांगा ना. पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही हं."

"तो विचारणाऱ्यांतला नाही."

शुद्धीवर आणायच्या खोलीत जावई फरशीवर मांडी घालून बसला होता. चिमटीचं डोकं त्याच्या पायावर, डोळे अर्धे उघडे. "काय म्हणाल्या?" त्याने विचारलं.

"ताणलाय," नाना म्हणाले. "तुटलेला नाही. आराम करायचा. पंधरा दिवसांत चालायला लागेल म्हणाल्या."

जावयाने वर पाहिलं. "नक्की?"

"मी पाहिलं ना डोळ्यांनी. काळा पट्टा. गच्च."

आणि तेव्हा जावयाचे खांदे खाली आले. एवढंच झालं. दोन महिने कानाशी जाऊन बसलेले त्याचे खांदे दोन बोटं खाली उतरले आणि त्याने लांब श्वास सोडला. नाना खोटं बोलले होते ते याच्यासाठीच, पण ते त्यांना फार वेळ बघवलं नाही.

चारच्या आत जावयाने खोलीवाल्याला फोन केला.

शनिवारी तो गेला. दोन बॅगा आणि एक खोका. "पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन जातो, उचलायला," तो दारात म्हणाला.

"कशाला? मी झोळी बदललीय. मागचं अंग तेवढं उचलून धरायचं, पुढच्या पायांनी ती स्वतः उतरते. माझं मला जमतं."

"नक्की?"

"अहो, तुम्ही जा हो. तुमची पाळी, तुमचं सामान. आधी बस्तान बसवा."

चिमटी दारापर्यंत तीन पायांवर गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. नानांनी तिला आत बोलावलं नाही. त्यांनाही तिथेच उभं राहायचं होतं, पण तसं करायला काही निमित्त नव्हतं.

पुढचे दिवस नानांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. त्यांचा बेत असा होता, की आधी आपण एकट्याने जिना सांभाळायला शिकायचं, मग ऑपरेशनची तारीख घ्यायची. गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं अंथरून पाहिली, पण चिमटीने त्यांच्याकडे असं पाहिलं की नानांनाच ओशाळल्यासारखं झालं. सात वर्षांत तिने घरात एकदाही घाण केली नव्हती. म्हणून पुन्हा जिना. चार वेळांचं त्यांनी तीनवर आणलं. उतरताना जमायचं, चढताना प्रत्येक मजल्यावर बसावं लागायचं.

सहाव्या दिवशी अकराच्या सुमारास, वर येताना, दुसऱ्या जिन्याच्या वळणावर चिमटीचा उजवा पाय घसरला. ती केकाटली आणि बसली. नानांनी झोळी ओढून तिला उभं करायला पाहिलं आणि त्यांच्या कमरेत अशी कळ आली की ते भिंतीला टेकत टेकत तिच्याशेजारी खाली बसले. मग दोघांनाही उठता येईना. खालून शिंप्याच्या मशीनची खडखड ऐकू येत होती. हाक मारली असती तर तो आला असता, पण त्याचं गेल्या वर्षीच हृदयाचं दुखणं झालेलं. त्याने काय चौतीस किलो उचलायचे? वरचे सगळे कामावर. नाना गप्प बसून राहिले. चिमटीने थोड्या वेळाने हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर ठेवली आणि झोपून गेली. नानांनाही डुलकी लागली. भर दुपारी जिन्यात, भिंतीला डोकं लावून.

जागे झाले ते पावलांनी. जावई होता. कामाच्या कपड्यात, हाताला कोपरापर्यंत शाई, धापा टाकत.

"हॉस्पिटलमधून फोन आला होता," तो म्हणाला. "ऑपरेशनची तारीख विचारत होत्या. मी म्हटलं कसलं ऑपरेशन?"

नाना चिमटीच्या कानामागे खाजवत राहिले.

"दोन्ही गुडघे आहेत म्हणे."

"डावा गेलाय. उजवा सुरू झालाय."

"मला पंधरा दिवस सांगितलंत."

"सांगितलं."

"का पण?"

"का म्हणजे?" नानांचा आवाज चढला, आणि चढला तसा त्यांच्या तोंडातला 'तुम्ही'ही सुटला. "किती दिवस राहणार होतास तू? डावा झाला की उजवा, उजवा झाला की माझ्या कमरेचं. जन्मभर या जिन्यावर 'उचलू का, टेकवू का' करत बसणार होतास?"

"ते मी ठरवलं असतं ना."

"तू कसलं ठरवतोस! तू तारीख पुढे ढकलत बसला असतास. तुला कुणाला नाही म्हणता येत नाही. ती निघाली तेव्हा तिलासुद्धा थांब म्हणाला नाहीस."

हे बोलून गेल्यावर नानांना वाटलं, जीभ चावावी. पण गेलेलं गेलं.

जावई एक पायरी खाली बसला. शाईचे हात त्याने गुडघ्यांवर उलटे ठेवले, कपड्यांना लागू नयेत म्हणून. कपडे आधीच बरबटलेले होते.

"म्हणालो होतो," तो म्हणाला. "दोनदा. एकदा इथे आणि एकदा तिच्याकडे जाऊन. तुम्हाला म्हटलं होतं की मशीनच्या पार्टसाठी चाललोय, तेव्हा."

नानांना तो दिवस आठवला. त्यांनी त्याला डबा भरून दिला होता.

मग जावईच म्हणाला, "तुम्ही 'ताणलाय' म्हणालात ना, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. घरी येताना गाडी चालवताना सारखं वाटत होतं, सुटलो. मागे तुम्ही तिला धरून बसला होतात आणि मी पुढे... लाज वाटते सांगायला."

"दिसलं मला."

"काय दिसलं?"

"खांदे उतरले तुझे. दवाखान्यातच."

जावई हसला, म्हणजे हसण्यासारखं काहीतरी त्याच्या तोंडावर आलं. "आणि नवीन खोलीत गेल्यापासून मला झोप नाही. चार वेळा जाग येते. खाली न्यायची वेळ झाली की काय असं वाटतं."

शेवटी त्यांनी चिमटीला उचललं. झोळीच्या पुढच्या मुठी नानांनी कापून टाकल्या होत्या, म्हणून जावयाने तिला सरळ कवेत घेतलं आणि नाना मागून नुसता हात लावून चढले. तिच्या पांढऱ्या छातीवर शाईची बोटं उमटली, ती पुढे महिनाभर गेली नाहीत.

घरात आल्यावर जावयाने चहा टाकला. त्याला डबे अजून पाठ होते. नाना पलंगावर आडवे पडून छताकडे बघत होते.

"माझी खोली तळमजल्यावर आहे," जावई स्वयंपाकघरातून म्हणाला. "दाराला एकही पायरी नाही. मागे गवताचा तुकडा आहे, तिथे कुणी जात नाही."

"बरं मग?"

"ती तिथे राहील. ऑपरेशननंतर. माझी पाळी सातला सुरू होते, तीनला सुटते. मधल्या वेळेत कुणीतरी तिच्याजवळ पाहिजे."

चिमटी त्यांच्याकडून जाणार होती, हे त्यात आलंच. पण उलट बोलायचं तर आधी उठून बसावं लागलं असतं आणि तेवढं त्राण त्यांच्यात नव्हतं. "दहाची बस आहे," ते म्हणाले. "साडेदहापर्यंत पोचेन."

असं ते ठरलं. मुलीचा रविवारी फोन आला तेव्हा नानांनी तिला सगळं सांगितलं. स्कॅनमध्ये काय दिसलं ते, उतार कापून फिरवतात ते, आणि चिमटी आता कुठे राहणार ते. ती म्हणाली, "बरं झालं." आणि फोन ठेवायच्या आधी, "तो कसा आहे?"

"त्याला विचार की," नाना म्हणाले. रागाने नाही. ते दमले होते एवढंच.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरीणबाईंनी प्लेटचा एक्स-रे दाखवला तेव्हा नानांनी स्क्रू मोजले, सहा होते, आणि ते सगळे सरळ बसलेत याबद्दल त्यांनी बाईंना मनापासून शाबासकी दिली. पुढचे तीन महिने ते रोज दहाची बस धरून जात. चिमटीला गवतावर न्यायचं, पाच मिनिटं, पट्टा आखूड धरून. पायाला बर्फ लावायचा. बाईंनी दाखवला होता तसा गुडघा हळूहळू वाकवायचा आणि सरळ करायचा, वीस वेळा. मग दोघांनी खुर्ची आणि गादीवर आपापली झोप काढायची. तीन वाजून गेल्यावर जावई येई, हात धुई, चहा होई. आता त्यांच्यात थोडं बोलणं होऊ लागलं होतं. फार नाही. छापखान्यात कुठला रोलर गेला, बसचा ड्रायव्हर गाडी कशी हाणतो, असलं. नानांनी त्याला पुन्हा 'तुम्ही' म्हणायला सुरुवात केली होती, पण अधूनमधून विसरत.

बाराव्या आठवड्यात चिमटी चारही पायांवर चालत दवाखान्यात शिरली. डॉक्टरीणबाईंनी डावा गुडघा तपासला आणि मान हलवली. मग उजवा हातात घेऊन बराच वेळ दाबून, सरकवून पाहिला.

"आहे अजून," त्या म्हणाल्या.

"टिकेल?" जावयाने विचारलं. आता तो विचारू लागला होता.

"सांगता येत नाही. वजन वाढू देऊ नका, उड्या मारू देऊ नका. सहा महिन्यांनी या."

बाहेर आल्यावर जावई व्हॅनच्या दाराशी थांबला. किल्ली हातात फिरवत म्हणाला, "नाना, रविवारी माझ्याकडे कुणीतरी येणार आहे. जेवायला. आमच्या छापखान्यातच असते, बांधणी विभागात." तो चिमटीकडे बघत बोलत होता. "तुम्हीही या ना. भेटा."

पुढे केव्हातरी हे येणार हे नानांना माहीत होतं, आणि ते आल्यावर आपल्याला वाईट वाटेल असा त्यांचा अंदाज होता. वाटलंही. पण अंदाजापेक्षा कमी.

"रविवारी नको," ते म्हणाले. "रविवारी मी झोपणार आहे. तीन महिन्यांचा शीण आहे."

आणि ते खरंच झोपले. सकाळी उठून त्यांनी चहा घेतला, खिडकी लावली आणि पुन्हा पांघरूण ओढलं, ते दुपारी उठले, काहीबाही खाल्लं आणि परत झोपले.

सोमवारी दहाच्या बसने ते गेले. चिमटी दाराशी शेपटी आपटत उभी होती. ओट्यावर दोन ताटल्या, दोन पेले आणि एक मोठं पातेलं तसंच पडलं होतं. जावयाला पाळीला उशीर झाला असावा. नानांनी कोट काढून खुंटीला लावला, चिमटीला पाच मिनिटं गवतावर नेऊन आणलं, मग बाह्या वर केल्या आणि भांडी घासायला घेतली.